सरांचं ऐकलेला माणूस

माझा मामा लिफ्टचा मेकॅनिक होता. नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखणारा कोणी जादूगार नव्हे, साधा, कामाला बरा माणूस. संध्याकाळी हात काळे करून यायचा आणि जेवताना दिवसभराच्या गमती सांगायचा. लिफ्टमध्ये अडकलेली नवराबायको आत भांडत होती आणि दार उघडल्यावर 'जरा थांबा' म्हणाली, हा किस्सा त्यानं इतक्या वेळा सांगितला होता की मामी त्याच्या आधीच हसायला लागायची. ताई, म्हणजे त्यांची एकुलती मुलगी, कानांत बोटं घालायची.

मग मामाचा जोडीदार गेला. दोघं एकत्रच कामाला लागलेले, एकाच वयाचे. लिफ्ट वरखाली जाते त्या शाफ्टमध्ये काम करताना कमरेचा पट्टा एका हुकातून काढून दुसऱ्यात अडकवावा लागतो. तेवढ्यात त्याचा पाय सरकला. मामा वर मशीनरूममध्ये होता. त्याला फक्त आवाज आला.

चौकशी झाली. हूक ठीक, पट्टा ठीक, नियम पाळलेले. कोणाचीच चूक निघाली नाही. कंपनीनं पुष्पगुच्छ पाठवला आणि थोड्याच दिवसांत मामाला नवा जोडीदार दिला.

"कोणाची तरी चूक निघायला हवी होती," मामा मामीला म्हणाला. "शिव्या तरी घातल्या असत्या. आता मी कोणाला काय विचारू?"

विचारायला माणसं भरपूर होती, सगळी फोनमध्ये. मामा कानांत इअरफोन घालून हिंडू लागला. एक म्हणे, इच्छा धरा, जग वाकतं. दुसरा म्हणे, इच्छाच सोडा. तिसरी एक बाई होती, ती पहाटे उठून गरम पाणी प्यायला सांगायची. मामानं सगळं मनापासून केलं. मामी डबा भरताना विचारायची, "आज काय, धरायचंय का सोडायचंय? म्हणजे मी त्या हिशोबानं पोळ्या करते." मामा हसायचा नाही. ही थट्टा त्याला झोंबते आहे, हे तिच्या लक्षात यायला उशीर झाला.

अशातच त्याला सर सापडले. सर एका कॉलेजमधून निवृत्त झालेले. त्यांची भाषणं आधी फोनवर यायची, मग एका हॉलमध्ये होऊ लागली. मामाबरोबर मीही एकदा गेलो होतो. साधा शर्ट, हळू आवाज, दोन वाक्यांमध्ये मोठी शांतता. ते म्हणाले, "जे तुम्हाला तुमचा प्रश्न विसरायला लावतं, ते सोडा." आजूबाजूच्या लोकांनी माना डोलावल्या, मग खाली येऊन चपला शोधल्या आणि घरी गेले. मामा मात्र खुर्चीतच बसून राहिला.

घरी त्याला त्याचा प्रश्न विसरायला होत होतं. कुकरच्या शिट्ट्या, ताईच्या लग्नाची खरेदी, मामीची बडबड, या सगळ्यात जोडीदार तासन्‌तास आठवायचा नाही आणि आठवला की मामाला स्वतःची लाज वाटायची. ताईचं लग्न उरकलं आणि त्यानं नोकरी सोडली. शहराबाहेर सरांचं केंद्र निघालं होतं, तिथं राहायला गेला. मामी दारात उभी होती.

"परत कधी?" तिनं विचारलं.

"तसं काही ठरवलेलं नाही."

"मग गॅसचं कार्ड कुठं ठेवलंय ते तरी सांगून जा."

केंद्रात तो पंप दुरुस्त करायचा, दिवे बदलायचा आणि सकाळ-संध्याकाळ डोळे मिटून बसायचा. तो सुखात होता, हे खोटं नाही. मी भेटायला गेलो तेव्हा त्याचा चेहरा निवलेला दिसला. मामीनं शिवणाचं काम धरलं होतं, हे मी त्याला सांगितलं. "छान," तो म्हणाला, जणू शेजारच्या कोणाची बातमी ऐकत होता.

ताईला दिवस गेले. सातव्या महिन्यात पोटातच बाळ गेलं. हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून मामीनं केंद्रात फोन लावला, मी तिच्या शेजारी होतो. ऑफिसातल्या माणसानं मामाला बोलावून आणलं. मामीनं कसंबसं सांगितलं. मग मामा हळू आवाजात, दोन वाक्यांमध्ये थांबत म्हणाला, "दुःखाकडे फक्त बघा. त्याला नाव देऊ नका."

"त्याला नाव ठेवलं होतं तिनं," मामी म्हणाली आणि फोन बंद केला.

मामा आला नाही. ताईनं एकदाच विचारलं, "बाबा काय म्हणाले?" मामीनं खोटं सांगायला हवं होतं. पण तिच्यात तेवढं त्राण नव्हतं, तिनं जसंच्या तसं सांगितलं.

पुढं केंद्र बंद पडलं. काही लफडं वगैरे नाही, माणसं यायची कमी झाली, एवढंच. लोकांना दुसरं कोणीतरी सापडलं होतं. मामा एक पिशवी घेऊन घरी आला. मामीनं दार उघडलं, बाजूला झाली. पलंगावर त्याच्या जागी कापडांचे गठ्ठे होते, ते तिनं हलवले नाहीत. बाहेरच्या खोलीत त्याला गादी घालून दिली. दोन वेळचं जेवण वेळेवर मिळायचं. बोलणं काय ते "भाजी घ्या" आणि "दार लावून घ्या."

जुन्या कंपनीनं त्याला रोजंदारीवर घेतलं. एकदा तो एका चांगल्या वस्तीतल्या इमारतीत कामाला गेला. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली होती. त्यानं ती खाली आणून दार उघडलं, तर आतून सर बाहेर आले. हातात दुधाची पिशवी. घामानं डबडबलेले, चिडलेले. मामानं वाकून नमस्कार केला, ओळख दिली, केंद्रातल्या पंपाची आठवण करून दिली. सरांना पंप आठवला. ते ओशाळून हसले आणि त्याला वर घरी घेऊन गेले. सूनबाईंनी पाणी दिलं.

मामानं अगदी सरळ सांगितलं. कुठला प्रश्न होता, काय सोडलं, फोनवर लेकीच्या वेळी काय बोललो, आणि आता घरात कसं आहे. ही सगळी हकिगत त्यानं मला नंतर सांगितली तीही तशीच, कोणाला बोल न लावता.

सर ऐकत होते. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"मी असं म्हणालो होतो?"

"हो. हॉलमध्ये."

"म्हणालो असेन. मी तेव्हा रोज बोलायचो हो." मग ते खरोखरच्या आश्चर्यानं म्हणाले, "पण तुम्ही खरंच सोडलंत?"

सरांनी आतल्या खोलीकडं पाहिलं. तिथं त्यांची पत्नी टीव्ही बघत बसली होती. "मी तर एक दिवस हिला सोडून कुठं राहिलो नाही," ते म्हणाले. यात बढाई नव्हती, हे मामानं मला दोनदा सांगितलं.

त्यानं घरी येऊन मामीलाही सांगितलं. ती मशीनवर होती. पाय न थांबवता तिनं ऐकून घेतलं. "त्यांचं काय चुकलं?" ती म्हणाली. "बोलणाऱ्यानं बोलावं. घर त्यांचं थोडंच होतं."

पुढच्या रविवारी मामा ताईकडं गेला. ताईला आता मुलगा झाला आहे, रांगतो. माफी मागायची असं त्यानं रस्ताभर ठरवलं होतं. बसल्यावर घसा खाकरून तो म्हणाला, "बेटा, तेव्हा मी जे बोललो..."

"बाबा, काही बोलू नका," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुम्ही बोललात की मला ती हॉस्पिटलची खोली दिसते. आई कॉटवर बसून तुमचं बोलणं मला सांगत होती, ते दिसतं. तुम्ही या, बसा, बाळाला घ्या. फक्त बोलू नका."

तेव्हापासून तो दर रविवारी जातो. मुलाला मांडीवर घेतो. तो आजोबाचा चष्मा ओढतो, नाकात बोटं घालतो, काहीतरी बडबडतो आणि उत्तराची वाट बघतो. मामा ओठ मिटून मान हलवतो. मग ताई आतून येते आणि मुलाला उचलून घेऊन जाते.