खांद्यावरचा टॉवेल

आमचे नानाकाका वारले, तेव्हा ते अंगणात खुर्ची टाकून चहात खारी बुडवत होते.

सुरुवात सरकारी आरोग्य केंद्रात झाली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी माझा साखरेचा रिपोर्ट पाहिला, मग पोट पाहिलं.

"उद्यापासून रोज चालायचं. भरभर! गप्पा नाहीत, टपरीवर थांबणं नाही. साखर उतरली नाही तर इन्सुलिन सुरू. आणि गल्लीतल्या चार जणांना सोबत घ्या, त्यांनाही गरज आहे."

इन्सुलिन म्हणजे सुई! (माझं रक्त काढताना मी बायकोचा हात धरतो, आणि ओरडते ती.) त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पोराची ट्रॅक पँट चढवायला घेतली. ती गुडघ्यापर्यंत आली आणि थांबली.

"फाडाल ती!" बायको, सुनंदा, ओरडली. "तो जुना पांढरा पायजमा घाला."

मी पांढरा पायजमा आणि पांढरा सदरा घातला, घाम पुसायला खांद्यावर टॉवेल टाकला आणि पुंडलिकनगरच्या रस्त्याला लागलो. पहिल्याच वळणावर धाप लागली, चेहरा पडला. शेजारचे जाधवराव दात घासत फाटकात उभे होते. त्यांनी मला पाहिलं, घाईनं चूळ भरली, आत जाऊन टॉवेल आणला आणि एक शब्द न बोलता माझ्यामागून चालू लागले.

माझा ऊर भरून आला. एक जण तर मिळाला!

पुढं आणखी दोघं आले, मग चौघं. सगळ्यांच्या खांद्यावर टॉवेल, सगळे गप्प. (डॉक्टरीणबाईंचा नियम इतका काटेकोर पाळणारी गल्ली मी पाहिली नव्हती!) किराणावाल्यानं मला पाहून शटर अर्धं खाली ओढलं. आरोग्याबद्दल केवढा हा आदर! मी वेग वाढवला. मागच्यांनीही वाढवला. चौकात वळून पाहतो, तर अर्धी गल्ली माझ्यामागं.

शेवटी जाधवराव जवळ आले. हळूच म्हणाले, "भाऊ, गाडी कुठं थांबलीय?"

"कसली गाडी?"

"नानांची. परवापासून लई खोकत होते ना."

"नाना घरी हायत की!"

"घरीच? मग आपण त्यांच्या म्होरं कसं आलो?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पांढरे कपडे, टॉवेल, उतरलेलं तोंड. माणूस मातीला निघाला की असाच निघतो, आणि कोण गेलं हे विचारायची आमच्याकडं रीत नाही. गुमान मागं जायचं असतं.

सगळ्यांना घेऊन परतलो, तोवर कुणीतरी फोन केला होता. नानांची लेक शोभाअक्का बजाजनगरहून रिक्षा करून आली होती आणि फाटकातच टाहो फोडत होती.

"नाना, मला सोडून कुठं गेलात हो!"

"कुठं नाय गेलो," नाना खारी चावत म्हणाले. "बस. चहा घे."

एवढ्यात जाधववहिनी पिठलं-भाकरी घेऊन आल्या. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून! मेल्याची आवई उठली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात, त्या आनंदात नानांनी अख्ख्या गल्लीसाठी शिरा करायला लावला. मी दोन वाट्या खाल्ला. (शुभप्रसंगी नाही म्हणू नये.)

पण सुई काही टळली नव्हती. चालणं भाग होतं. शेवटी गल्लीनंच तोडगा काढला: मी चालायचं, पण नानांनी माझ्या पुढं चालायचं, म्हणजे ते जिवंत असल्याचं सगळ्यांना दिसेल.

आता रोज सकाळी ऐंशी पार केलेले नाना ताठ मानेनं पुढं, आणि मी धापा टाकत मागं. काल पाहिलं तर पांढरा टॉवेल त्यांच्या खांद्यावर.

"नाना, तुम्हाला कुठं घाम येतो? टॉवेल कशाला?"

त्यांनी वळून मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"असू दे," म्हणाले. "तुझी धाप ऐकली, म्हणून घेतलाय. ऐन वेळी परत घरी कोण जाणार?"