मासूमाची दोन बोटं

बाईचा हात हातात आला की बांगडी कुठं अडणार, कुठं कळ लागणार, हे मासूमाला बघावं लागत नसे. तिची बोटंच सांगत. देवळाली कॅम्पातल्या बायका भाव न विचारता तिच्यासाठी खोळंबून राहायच्या. धाकटी जाऊ जहिदा लग्न होऊन आली, तेव्हा मासूमानं तिलाही बांगड्या भरायला शिकवलं. पुढं दोघींनी बांगड्या भरायला जायची घरं वाटून घेतली.

एकोणीसशे पस्तीसच्या थंडीत मासूमाच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं. तव्याला बोट लागलं तरी चटका कळेना. घाबरून तिनं हे एकट्या जहिदाला सांगितलं. जहिदानं तेल गरम करून बोटं चोळली आणि कुणाला सांगणार नाही म्हणून शपथ घेतली.

थोड्याच दिवसांत बायका मासूमाला टाळू लागल्या. कुणाकडे पाहुणे असत, कुणाचा हात दुखत असे. अखेर हेडक्लार्काच्या घरच्या वत्सलाबाईंनी तिला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. त्यांच्या लेकींचे लग्नाचे चुडे मासूमानंच भरले होते.

"राग मानू नकोस. तुला रक्तपिती झालीय म्हणतात, महारोग. घरात लहान मुलं आहेत."

"कोण म्हणतं?"

वत्सलाबाईंनी नजर चुकवली. "जहिदा. आता तीच येते आमच्याकडे."

मासूमा तशीच नाशकात डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तिला डोळे मिटायला लावून टाचणी टोचली, अंगावर कुठं चट्टा आहे का पाहिलं. मग कामाला कशी बसतेस, ते दाखव म्हणाले. तिनं डावं कोपर बांगड्यांच्या पेटीच्या कडेवर टेकवलं.

"रक्तपिती नाही," ते म्हणाले. "बोटं बधिर व्हायला कारणं पुष्कळ. मानेचं दुखणं असतं, मधुमेह असतो. तुझी कोपरातली शीर दिवसभर चेपली जातेय. कोपर टेकणं सोड."

घरी येऊन तिनं हे सांगितलं, तेव्हा जहिदा तांदूळ निवडत होती. ती रडेल, माफी मागेल, असं मासूमाला वाटलं होतं.

"भाभी, बोटं बधिर होती, हे तर खरंच ना?"

"आणि रक्तपिती?"

जहिदानं खडा बाजूला टाकला. "तुम्ही आपली घरं मला कधी दिली असती का?"

मासूमानं त्याच आठवड्यात चूल वेगळी केली. चैत्रात ती वणीच्या जत्रेत बांगड्या घेऊन बसली. बोटांत हळूहळू जाणीव येत होती. कॅम्पातलं एकही घर मात्र परत आलं नाही. जत्रेतल्या बायका मोकळेपणानं तिच्या हातात हात देत, घरी कोण कोण आहे म्हणून विचारत. मासूमा म्हणे, "कुणी नाही."