नव्या कट्ट्यातला मूठभर तांदूळ

सकाळचा चहा चुलीवर होता आणि रत्नाबाई अंगण झाडत होती. बाबूलाल, तिचा नवरा, कंबरेला टॉवेल घट्ट गुंडाळून खाटेवर बसला होता. कंबर धरल्यापासून त्याची दोनच कामं उरली होती, तंबाखू मळणं आणि बायकोला शिकवणं.

"भुऱ्याले सोडलं काय?"

"सोडलं न जी. पण आज शेपूट नाही हालवली त्यानं. सरळ कुंपणातून पलीकडं गेला."

गेल्या महिन्यापासून बिबट्या टोलीपर्यंत, वस्तीच्या घरांपर्यंत, येत होता. सगळ्यांनी कुत्री रात्री घरात घ्यायला सुरुवात केली होती. भुऱ्याही रात्रभर स्वयंपाकघराच्या दाराशी दोरीला बांधलेला असायचा आणि उजाडलं की सुटायचा.

तेवढ्यात दाराच्या फळीवर काठीचे ठोके पडले. एक, दोन, आणि तिसरा जरा जास्तच जोरात.

"रत्नाबाई, बाहेर या. तुमच्या कुत्र्यानं माह्या ओसरीत काय करून ठेवलं, ते पाहा."

राजकुमार होता. शेजारी, आणि शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष. टोलीत दुसरं कोणी त्या खुर्चीसाठी उभं राहत नाही, म्हणून चार वर्षं तोच. रत्नाबाईनं चहा खाली उतरवला, टोपल्यात चुलीतली राख घेतली आणि पदर खोचून निघाली.

भुऱ्या राजकुमारच्या सारवलेल्या ओसरीवर चारी पाय फाकवून उभा होता. पाठीची कमान करायचा, पोट आत ओढायचा आणि घशातून असा आवाज काढायचा की कोणी विहिरीतून रिकामी बादली वर ओढत असावं. दोनदा फेस आला. तिसऱ्यांदा काहीच आलं नाही, तरी तो ओकतच राहिला.

"लवकर आटपा. धान वाळू घालायचं हाय मले," राजकुमार म्हणाला.

तिनं राख टाकली, आणि टाकता टाकता हात थांबला. खाली पांढरा भात होता. शितं अख्खी, जशी रात्री गिळली तशीच. शाळेची खिचडी पिवळी असते. हा तिनं काल संध्याकाळी स्वतःच्या चुलीवर शिजवलेला भात होता. तिनं राख सारखी केली, सगळं खरडून उकिरड्यावर टाकलं आणि ओसरीवर शेणपाण्याचा हात फिरवला. इतकं लख्ख केलं की तिथं काही झालं होतं, हे कोणाला पटलं नसतं. पुढं पटलंही नाही.

चौदा वर्षं रत्नाबाई शाळेत खिचडी शिजवत होती. पहिल्या वर्षी तांदळाचं नवं पोतं, म्हणजे नवा कट्टा, उघडला, जुन्या अंदाजानं पाणी घातलं आणि मोठ्या गंजात, चुलीवरच्या पातेल्यात, नुसता लगदा झाला. पोट्टे ताटात बोट बुडवून म्हणाले, "बाई, आज कांजी काहून केली?" त्या दिवशी तिला घरी जेवण गेलं नाही. तेव्हापासून तिनं एक रीत घालून घेतली. तांदळाचा नवा कट्टा फोडला की त्यातली एक मूठ पदरात बांधून घरी आणायची, लहान गंजीत शिजवायची, किती पाणी पितो ते पाहायचं. ती त्याला 'पाणी पाहणं' म्हणायची. दुसऱ्या दिवशी त्याच मापानं एक्केचाळीस ताटांची खिचडी.

आणि तो मूठभर भात ना ती खायची, ना बाबूलाल. "शाळेचा दाणा आपल्या पोटात नाही जाऊ देत मी," असं ती म्हणायची. मग तो कुत्र्याला. भुऱ्याच्या आधी भुऱ्याची आई होती, ती खायची.

शाळेत एक चवीचं रजिस्टरही होतं. खिचडी वाढायच्या आधी चाखली, असं लिहून रोज सही करायची. रत्नाबाई महिन्याच्या शेवटी एकदाच बसून तीस सह्या करत असे, मुख्याध्यापक पटले सरांनी बोट ठेवलं तिथं तिथं. आज सकाळी कुत्र्याजवळ बसून तिच्या मनात आलं, खरी चव तर हाच घेत होता. सही फक्त माझी होती.

"उंदीर खाल्ला असन," बाबूलाल म्हणाला.

"रात्रभर बांधला होता. दोरीच्या टोकावर उंदीर चालून आला काय?"

"मंग पोट बिघडलं असन. कुत्र्याचं पोट हाय, तहसीलदाराचं थोडंच हाय."

तिनं ताक पाजलं, तेही बाहेर आलं. भुऱ्या भिंतीला टेकून बसला. त्याचे डोळे तिच्यावर होते, आणि त्यात तक्रार नव्हती, हेच तिला सोसवेना. मागच्या पायांना कापरं भरत होतं. ती त्याच्या कानांना हात लावून पाहत राहिली. गार होते.

आठ वाजून गेले होते. रुपा, तिची मदतनीस, चावी घेऊन शाळेत गेली असणार. काल फोडलेला तोच कट्टा आज शिजायचा होता.

"मी जाऊन सांगते," रत्नाबाई उठली.

बाबूलालनं तंबाखूची चिमूट बोटातच धरून ठेवली. "सांगशील तं पयला सवाल काय येईन, माहीत हाय काय तुले? शाळेचा तांदूळ घरी कसा आला?"

"माहीत हाय."

"मंग कायले जातेस? चार घंटे वाट पाहा. कुत्रा उठला तं उठला."

"अन् नाही उठला तं? तवरीक पोट्टे जेवून मोकळे."

बाबूलालनं चिमूट तोंडात टाकली आणि भुऱ्याकडं पाहत राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात वाद जिंकल्याचा तिला एवढा कमी आनंद कधी झाला नव्हता.

शाळेत रुपानं तांदूळ परातीत काढून धुवायला घेतला होता. रत्नाबाईनं परातीवर हात आडवा धरला.

"हा नोको शिजवू."

"काहून वो बाई?"

"नोको म्हणते न."

तिनं कट्ट्यात तोंड घालून वास घेतला. पोत्याचा वास, धुळीचा वास. आणखी काही होतं का? शपथ घेऊन सांगता येईल, असं काही नव्हतं. दाणा पांढरा, साफ. इतका निर्दोष दिसणारा तांदूळ तिनं आपल्या घरच्या धानाचाही पाहिला नव्हता.

पटले सर मोटारसायकल लावून आले. माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, आणि तेवढं दीड वर्ष काही घडू नये, एवढीच त्यांची देवाकडं मागणी होती. रत्नाबाईनं सगळं सांगितलं. मूठ, गंजी, भात, कुत्रा. एकही शब्द गाळला नाही.

सरांनी चष्मा पुसला. "बाई, हे वर कळवावं लागेल."

"कळवा न जी."

"कळवलं की चौकशी येते. चौकशी तांदळाची येते, पण ती माणसांपाशी थांबते. तुम्ही समजून घ्या."

"सर, आज नोको शिजवू, एवढंच म्हणते मी."

राजकुमारला बोलावणं गेलं. तो ओसरीवरचं धान सोडून आला आणि आल्या आल्या हसला. "म्हणजे कुत्र्याच्या ओकारीवर शाळा चालन आता? अन् बाई, शाळेचा तांदूळ घरी नेऊन कुत्र्याले चारता? लेकरायच्या तोंडचा?"

"मूठभर, भाऊ. पाणी पाहाले."

"आज मूठ निघाली. पोतं कधी निघते, ते कोण पाहते?"

रुपा खाली पाहून परातीतलं पाणी हातानं हालवत राहिली. तिला ती मूठ ठाऊक होती.

त्या दिवशी पोरांना बिस्किटाचे पुडे वाटले. पोरं खूश झाली. एक जण म्हणाला, "बाई, रोज काहून नाही कुत्रा ओकत?" रत्नाबाईलाही हसू आलं. शाळेतलं तिचं ते शेवटचं हसू.

दुपारी तिनं भुऱ्याला जुन्या चादरीत बांधलं आणि रस्त्यावर येऊन काळीपिवळी जीप थांबवली. आतल्या बायका सरकल्या, तिला जागा द्यायला नव्हे, अंग चोरायला. मोठ्या गावच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर शिबिराला गेले होते. कंपाउंडरनं पापण्या उलटवून पाहिल्या.

"काय खाल्लं यानं?"

"भात."

"भातानं कुत्रं असं होत नाही, बाई. ओकारी आणली काय? डब्यात, पिशवीत? पाहता आली असती."

रत्नाबाईला राखेचं टोपलं आठवलं. दुसऱ्याची ओसरी घाण झाली म्हणून ती ओशाळली होती, आणि ओशाळलेल्या बाईनं आपल्या हातानं सगळं निपटून टाकलं होतं. सांगायला एकच गोष्ट जवळ होती, ती उकिरड्यात गेली. संध्याकाळी तिनं उकिरडा काठीनं उकरूनही पाहिला. कोंबड्यांनी काही ठेवलं नव्हतं.

कंपाउंडरनं दोन सुया टोचल्या, चामडीखाली सलाईन सोडलं आणि हात धुता धुता म्हणाला, "वाचला तं वाचला."

तीन रात्री ती कुत्र्याजवळ झोपली. बाबूलालनं पहिल्या रात्री चेष्टा केली, "मले कंबर धरली तवा खाट अंगणात टाकली होती तू." दुसऱ्या रात्री तोच गूळपाणी घेऊन आला आणि वाकता येत नसताना वाकून त्यानं भुऱ्याच्या तोंडाशी वाटी धरली. चौथ्या दिवशी कुत्र्यानं ज्वारीच्या भाकरीचा तुकडा खाल्ला आणि तो पोटात राहिला. भाताकडं मात्र त्यानं ढुंकून पाहिलं नाही. घरच्या धानाचा भात दिला, तोही हुंगला आणि मागं सरला.

भुऱ्या वाचला, आणि तिथंच रत्नाबाई हरली. राजकुमार पानठेल्यावर सांगत फिरला, "पाहा, कुत्रा टुणटुणीत! कोठी गेलं विष?" मेला असता तर याच माणसानं सांगितलं असतं, उंदीर खाल्ला म्हणून मेला. कुत्र्यानं काय करायला हवं होतं, म्हणजे तिचं खरं ठरलं असतं, ते टोलीत कोणाला सांगता आलं नाही.

सहाव्या दिवशी चौकशीला साहेब आले. त्यांनी कट्ट्यातले चार दाणे तोंडात टाकले, कुडुम कुडुम चावले आणि म्हणाले, "उत्तम आहे." मग वही उघडली. तांदळाबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि रत्नाबाईला अकरा प्रश्न विचारले. किती वर्षांपासून नेता? दरवेळी किती? कोणाची परवानगी? कुत्रा पाळीव की भटका? ती प्रत्येकाचं खरं उत्तर देत गेली. शेवटी साहेबांनी कागद पुढं केला आणि सही कुठं करायची, तिथं बोट ठेवलं. ते बोट तिच्या ओळखीचं होतं. नेहमीसारखी सही केली.

आठवड्यानं पत्र आलं. शालेय धान्याचा घरगुती वापर केल्याचं मान्य केल्यामुळे कामावरून कमी करण्यात येत आहे. चौदा वर्षं जो दाणा तिनं जिभेला लागू दिला नाही, तो खाल्ल्याचा शिक्का त्या कागदावर होता. बाबूलालनं पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि छपराच्या वाशात खोचलं. बायकोला शिकवायचा इतका चांगला मोका त्यानं सोडून दिला.

आणि एक गोष्ट कागदावर कुठंच नव्हती. ती रुपानं सांगितली, हातपंपावर, इकडंतिकडं पाहून.

"बाई, तो कट्टा नाही शिजला. सरायनं दुसऱ्याच दिवशी शिवून बाजूले ठेवला होता. साहेब यायच्या आधीच तांदूळ आणणारा टेम्पोवाला आला अन् बदलून घेऊन गेला. निळ्या दोऱ्याची शिवण होती न? आता लाल दोऱ्याचा हाय."

"तुले कोणी सांगतलं?"

"मीच धरून चढवला वर. कोणाले सांगू नोको, म्हणाले सर."

रत्नाबाईची घागर भरून वाहू लागली होती. तिनं ती उचलली नाही. म्हणजे त्यांनी तिचं ऐकलं होतं. पोरांना तो दाणा वाढला नव्हता. फक्त तिचं ऐकलं, हे तिला कळू द्यायचं नव्हतं.

"बाई, मले काम नोको होतं तुमच्या जागेवर," रुपा म्हणाली. "पण नाही म्हटलं असतं तं दुसरीनं घेतलं असतं."

"घेतलंस ते बरं केलंस," रत्नाबाई म्हणाली. मग घागर बाजूला घेत, "पाणी पाहतेस काय नव्या कट्ट्याचं?"

"नाही वो बाई. आता कोण मूठ घरी नेते? भेव वाटते. सरळ गंजात टाकते."

त्या दिवसापासून रत्नाबाई शाळेच्या घंटेकडं कान लावून असायची. काम गेल्याचं तिनं गिळलं होतं. माणसं तोंड फिरवत, तेही गिळलं. पण दुपारी शाळेच्या चुलीचा धूर वर चढला की ती हातातलं काम टाकून पाहत बसायची आणि एक्केचाळीस पोरं घरी परत जाईपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसायचा. भुऱ्या पायाशी येऊन बसायचा. तो आता बरा होता, जरा हडकला होता, एवढंच.

महिन्याभरानं टेम्पो परत येऊन गेल्याचं कळलं. दुसऱ्या दिवशी ती पातळ बदलून शाळेत गेली. पटले सर वऱ्हांड्यात हजेरी लिहीत होते. तिला पाहून उठले आणि आपण उठलो कशाला, हे न कळून पुन्हा बसले.

"बाई, माझ्या हातात असतं तर..."

"कामासाठी नाही आली, सर."

"मग पत्रात दुरुस्ती हवी असेल, तर तो अर्ज वर..."

"तेही नोको."

सरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. "कट्ट्याचं तुम्हाला कळलं असेल," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मी लिहू शकत नव्हतो, बाई. बदलून घेणं तेवढं जमलं."

"चांगलं केलं, सर. त्याच्यावर मी काही बोलत नाही."

"मग तुम्हाला हवंय तरी काय?"

रत्नाबाई वऱ्हांड्याच्या पायरीखाली उभी होती. आत पोरं पाढे म्हणत होती, त्यामुळं तिला जरा मोठ्यानं बोलावं लागलं.

"नवा कट्टा फोडला का खिचडीच्या आदल्या दिवशी त्यातला मूठभर तांदूळ रुपाले इथंच शाळेच्या चुलीवर शिजवू द्या. घरी न्यायचं नाव नोको. तो भात मी इथं, तुमच्यासमोर बसून खाईन. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पायानं चालत आली, तं पोट्ट्यायले वाढा. एवढं करा, सर."