खाडाखोडीची वही

पाटोद्यात माणूस कितीही मोठा होवो, मोठी माय त्याला ओळखायची ती तो जन्माला कसा आला त्यावरून. एका बाजारच्या दिवशी ठाण्याचा जमादार एका कुंभारणीवर ओरडत होता, गाडगी रस्त्यातून हलव म्हणून. माय काठी टेकत तिथून चालली होती. ती थांबली आणि म्हणाली, "आरं, हळू बोल की. आईला दोन दिस छळून पायाकडून आलास, तवापासून आसाच हायेस." सगळा बाजार हसला. जमादार आधी लाल झाला, मग तोही हसला. हसल्यावाचून काय करणार? त्याला जगात आणणारे हात तिचेच होते.

माय सुईण होती. जातीनं मांग. तिचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं तर म्हणायची, "इसरले. हाक तर मारता ना, मग झालं."

माझं माहेर नगरचं, म्हणजे इंग्रजी मुलखातलं. सातवीपर्यंत शिकून मी निजामच्या राज्यात सून म्हणून आले. यजमान पाटोद्याच्या सरकारी शाळेत मास्तर. शाळेचा सगळा कारभार उर्दूत, आणि हे मराठी शिकवणार. गावाच्या दृष्टीनं मी मास्तरीणबाई.

माझी पहिली मुलगी मायच्याच हातची. जन्मली तेव्हा निळी पडलेली, आवाज नाही. मायनं तिच्या तोंडातून बोट फिरवलं, तिला पालथी धरली, पाठ चोळली. मला ते क्षण वर्षासारखे वाटले. मग बारीक रडू ऐकू आलं. "आली बगा," माय म्हणाली, "रुसली व्हती." सुवेराच्या त्या दहा दिवसांत माय आमच्या चुलीपर्यंत जाऊन ऊन पाणी आणत असे. बारसं झालं आणि सासूबाईंनी तिच्यासाठी ओट्यावर वेगळं पोतं टाकलं. ती मुकाट्यानं त्यावर बसली. मीही मुकाट राहिले. ते मला आजही बोचतं.

मला लिहायचा नाद होता. पुण्याहून बायकांचं एक मासिक यायचं, त्यात आपलं काही छापून यावं असं फार वाटे. पण लेख कधी पुरा व्हायचा नाही. एक शब्द मनासारखा पडला नाही की मी कागद फाडायची आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात करायची. माझ्या ट्रंकेत नुसत्या सुरुवाती होत्या. यजमान शाळेतले पाठकोरे कागद आणून द्यायचे, आणि एकदा म्हणाले, "तुझ्या लेखांना डोकी आहेत, धड एकालाही नाही."

मायच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला तेव्हाची गोष्ट. एका दुपारी ती ओट्यावर येऊन बसली.

"बाई, तुमी लिव्हता म्हनं. माझं लिव्हून घ्या."

"तुझं काय, माय?"

"ह्या हातातलं." तिनं दोन्ही हात पुढे केले. "मला आता सुईत दोरा घालता येत न्हाई. शेवंता एकटी हाय तिकडं."

शेवंता तिची नात. मांजरेकाठच्या एका गावी दिलेली. आईबाप नव्हते, मायनंच वाढवली. नगरकडं एका नातलगाच्या घरी राहून ती चार बुकं शिकली होती आणि सासरी सुईणपण करू लागली होती. पण एका दिवसाच्या वाटेवर, आजीला विचारायचं तरी कसं?

पावसाळाभर माय दुपारची येऊन सांगत राहिली. मी भराभर टिपून घेई. हात कसे धुवायचे, बाईला केव्हा चालवायचं, केव्हा निजवायचं, मूल आडवं असेल तर हात न लावता माणूस कोणीकडे धाडायचा. टिपणांवर खोडणं, बाण, वरखाली घुसवलेले शब्द, एका पानावर तर मुलीनं सांडलेलं दूध. हे सगळं नंतर सुवाच्य अक्षरात, शुद्ध भाषेत उतरवायचं असं मी ठरवलं. हा माझा पहिला पुरा ग्रंथ होणार होता.

पहिला भाग तयार झाल्यावर मी मोठ्या ऐटीत वाचून दाखवला. "प्रसूतिकाल समीप येताच गर्भिणीच्या मुखावर..."

मायनं मान तिरकी केली. "ही कोनची बाई हाय?"

"कोण?"

"तुमी वाचताय ती. आपल्याकडली न्हाई दिसत."

मला राग आला, पण रात्रभर विचार करून मी ते सोपं करायला घेतलं. मग सोपं फार गावंढळ वाटू लागलं. मग पुन्हा बदललं. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तरी मी पहिल्याच भागात. माय विचारायची, "झालं का?" मी म्हणायची, "नीट करतेय, माय." एकदा ती हसून म्हणाली, "बाई, लेकरू काय न्हाऊन-माखून येतं व्हय? आदी येऊ द्यावं, मग न्हाऊ घालावं." मीही हसले. लेखणी तिथंच अडकलेली राहिली.

माघात शेवंताचा नवरा सखाराम बाजाराला आला तो थेट आमच्या दारी. "मास्तरीणबाई, शेवंतानं वही मागितलीया. गावात दोघी भरल्या दिसाच्या हायेत."

माय ओट्यावरच बसली होती. मी म्हणाले, "अजून कच्चं आहे हो. होळीपर्यंत थांबा, सुंदर करून देते."

सखारामानं आजेसासूकडे पाहिलं. लिहिण्यातलं मला कळतं, असा तिचा समज होता. तो रिकाम्या हातानं परत गेला.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला. या वेळी बाजार नव्हता. मी बोलावून घेतलं म्हणून माय आली. तो उभ्यानंच म्हणाला, "माय, पाटलाच्या गड्याची बायको गेली. लेकरू झालं, पर मागची वार पडंना. शेवंतानं नाळ वढली. लई रगत गेलं."

मायनं विचारलं, "नाव काय व्हतं तिचं?"

"ठकू."

"आन् लेकरू?"

"हाय. पोरगी."

माय माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "बाई, तिथलं वाचा."

कुठलं ते मला सांगावं लागलं नाही. मी ट्रंक उघडली. दुधाचा डाग पडलेलं पान निघालं. माझं अक्षर मलाच नीट लागेना, पण वाचलं. "वार पडायला उशीर झाला तर नाळ वढू नये. कदी वढू नये. लेकरू छातीला लावावं. पोट वरून हळू चोळावं. वाट बगावी. रगत थांबंना तर पाटोद्याला गाडी जुपावी." तिचेच शब्द होते, घाईत जसेच्या तसे उतरलेले.

मी रडू लागले. माय म्हणाली, "रडू नका. वाचली असती का न्हाई, देव जाने. मला बी दोगीतिगी वाचवता आल्या न्हाईत." मग म्हणाली, "पर शेवंताला ठावं असाया पायजे व्हतं."

तिनं मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

मी सगळी टिपणं गोळा केली आणि रजईच्या जाड दोऱ्यानं टाचून वही केली. खोडलेलं खोडलेलंच राहिलं. निघताना सखाराम म्हणाला, "शेवंता सारकी रडतीया. आता कुनाला हात लावनार न्हाई म्हनती." माय उठली. "मी येते संगं." तिला नीट दिसत नव्हतं, गाडीवाटही खडकाळ होती. मी तिला हात धरून बैलगाडीत बसवलं. सासूबाई दारातून पाहत होत्या. त्या आत गेल्या, भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन स्वतः गाडीपर्यंत आल्या आणि ते त्यांनी मायच्या हातात दिलं.

माय महिनाभर तिकडे राहिली. दुसरी बाई शेवंताच्याच हातानं सुटली, माय नुसती उशाशी बसून होती. परत आल्यावर तिनं मला एवढंच सांगितलं, "तुमचं अक्षर लागतंय तिला."

त्या उन्हाळ्यात मी मासिकाला पहिला लेख धाडला. सुईणीचे हात, असा विषय. तीन ठिकाणी खोडलेलं होतं. फाडावंसं फार वाटलं. ठकूचं नाव आठवलं आणि मी पाकीट बंद केलं. तो लेख छापून आला नाही. दुसरा आला.

पुढे यजमानांची बदली गेवराईला झाली. निघायच्या दिवशी माय आली, पूर्ण आंधळी झालेली. माझ्या मुलीच्या डोक्यावरून, खांद्यावरून, कोपरापर्यंत हात फिरवून तिनं तिची उंची पाहिली. मला म्हणाली, "काई राह्यलं सांगायचं, तर शेवंता लिव्हील आता."

ती गेल्याचं मला गेवराईत कळलं. शेवंताचं पत्र आलं होतं. ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही, ओळी वर चढत गेलेल्या. मायला शेवटी काही त्रास झाला नाही, असं तिनं लिहिलं होतं. सकाळी उठली, अंगणात बसली, पाणी मागितलं, ते आणेपर्यंत गेली. शेवटी लिहिलं होतं, "तुमी मायबद्दल काईतरी लिव्हा."

डाक निघायला तासाभराचा अवकाश होता. मी लगेच बसले. सांत्वनाचं वाक्य जमेना, दोनदा खोडलं, तिसऱ्यांदाही धड जमलं नाही. ते तसंच ठेवून मी पत्र पुरं केलं आणि डाकखान्यात नेऊन टाकलं.