निळ्या टोकांच्या तुळया

"झाड पडताना ओरडत नाही, पडल्यावर ओरडतं," दोना देओलिंडा, म्हणजे देओलिंडाबाई, एकदा मला म्हणाली होती.

निलगिरीचं तसंच आहे. वाढताना खोडात ताण साठतो. तोडली की तो सुटतो आणि ओंडका टोकाकडून तडकत जातो. आमच्या मिनासच्या डोंगरात निलगिरी म्हणजे कोळसा, एवढंच. त्यात अनाक्लेतो मिस्त्रीनं देओलिंडाच्याच राईतलं ओलं लाकूड घाईनं शाळेच्या छपराला ठोकलं. कोरड्या महिन्यांत वासे पिळवटले, कौलं अंगणात आली. नाव मात्र झाडांचं खराब झालं.

देओलिंडानं पुन्हा झाडं तोडली. नावात 'र' नसलेल्या कोरड्या महिन्यात, उतरत्या चंद्रावर, जशी तिची आई तोडायची. ओंडके त्याच दिवशी चिरले, टोकं तडकू नयेत म्हणून त्यांना चर्चचा उरलेला निळा रंग फासला, थरांमध्ये पट्ट्या घालून वर दगड ठेवले. सावलीत दोन वर्षं. कुणी विचारलं की म्हणायची, "अजून पाणी आहे."

मग ओढ्यावरचा पूल वाहून गेला. गावानं ठरवलं, तिच्या तुळया वजनाला टिकल्या तर नवा पूल त्यांचाच. नाहीतर सगळी राई कोळशाच्या भट्टीत.

कॉफीच्या गोदामात दोन तुळया टोकांना टेकू देऊन आडव्या टाकल्या, वर फळ्या; फळ्यांवर कॉफीची पोती रचायची होती. गाव जमलं.

"दोना, चहाचं पाणी ठेवू का?" अनाक्लेतो म्हणाला. "सरपण तर तयारच आहे!"

"आधी पोती उचला, मिस्त्री. तोंड नंतर."

वीस पोती. तीस. चाळिसाव्याला तुळई कण्हली. कुणीतरी छातीवर क्रूसाची खूण केली. देओलिंडा हलली नाही.

"आणखी," ती म्हणाली.

साठ पोती. तुळया बोटभर वाकल्या आणि तशाच राहिल्या. तासभर आम्ही त्यांच्याकडे बघत उभे होतो. आपलंच काहीतरी त्यांच्यावर रचलंय असं वाटत होतं.

पोती उतरवली. देओलिंडानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणली. दोरी आणि लाकूड यांच्यामध्ये नखही शिरलं नसतं; तुळई पुन्हा सरळ झाली होती.

गोदाम ओरडून उठलं. कुणी टोप्या उडवल्या, कुणी पोतीच बडवली.

अनाक्लेतोनं टोपी काढली. निळ्या टोकावरून हात फिरवत राहिला. "दोना," तो हळूच म्हणाला, "शाळेचं छप्पर... पुन्हा घालू का? तुमच्या लाकडाचं?"

तिनं दोरी बोटांभोवती गुंडाळली, एप्रनच्या खिशात टाकली, कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलून त्याच्या हातात दिली आणि राईच्या दिशेनं बाहेर पडली.