जलद बोट, मुक्कामी बोट

तुळजापूरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलरची एक काचेची खोली आहे. त्या खोलीतल्या माणसाला दिवसभर हजार लोक एकच प्रश्न विचारतात आणि तो सगळ्यांना एकच उत्तर देतो, "येईल." बंडप्पा तसले कंट्रोलर नव्हते. गाडी कुठवर आलीय, का थांबलीय, आली तर कुठल्या फलाटाला लागेल, हे सगळं ते माइकवरून सांगायचे, आणि असं सांगायचे की न जाणाऱ्यालाही वाटावं, चला, बसावं की या गाडीत. चौतीस वर्षं नोकरी झाली. आधी कंडक्टर, शेवटची अकरा वर्षं त्या खोलीत. आता रिटायर होऊन चार वर्षं झाली. गाव लोहारा तालुक्यात, पण स्टँडचा आवाज कानावर पडल्याशिवाय या गृहस्थांना जेवण जात नाही, म्हणून घर घेतलं ते स्टँडच्या मागच्या गल्लीत.

आता एवढ्या गाड्या ज्यानं सोडल्या, तो माणूस स्वतः कुठं कुठं फिरला असेल? तर कुठंच नाही. एसटीवाल्यांना घरच्या माणसांसाठी वर्षाला फुकट पास असतो. दर वर्षी बंडप्पा पास काढायचे, आणि दर वर्षी तो तसाच मुदत संपून जायचा. उन्हाळ्यात लग्नसराईच्या जादा गाड्या, नवरात्रात देवीची यात्रा, दिवाळीत गर्दी. दुनियेला सुट्टी म्हणजे यांना ड्यूटी. बायकोनं विचारलं, पोरानं विचारलं, मेव्हण्यानं विचारलं, सगळ्यांना बंडप्पांचं ठरलेलं बोलणं होतं, "माझं कुठं जमतंय."

त्यांची बायको शांताक्का. तिला एकच हौस होती, समुद्र बघायची. स्टँडवर सकाळी रत्नागिरीहून गाडी यायची. ती झाडायला घेतली की सीटखालून वाळू निघायची. शांताक्का डबा घेऊन यायच्या तेव्हा तिथं जरा थांबायच्या. एकदा वाकून चिमूटभर वाळू त्यांनी बोटांत घेतली आणि म्हणाल्या, "लई बारीक आसती की ओ." बंडप्पांनी तेव्हा डबा घेतला आणि कामाला लागले. पण ते वाक्य त्यांच्या मनातून काही गेलं नाही. संध्याकाळी पावणेसहाला तीच गाडी परत रत्नागिरीला सुटायची आणि तिचं नाव माइकवर घेताना त्यांना दर वेळी थोडं अपराध्यासारखं वाटायचं.

तर गेल्या वर्षी दिवाळीच्या दीड महिना आधी पुण्याहून पोराचा फोन आला. सोमेश तिकडं कंपनीत आहे. बायको शिवरंजनी, दहा वर्षांची अक्षदा आणि सहा वर्षांचा शिवप्रसाद.

"अप्पा, एक काम होतं. पोरांनी बोटीचा हट्ट धरलाय. मुंबईतून क्रूझ सुटती, फिरायची मोठी बोट. दोन कंपन्या हायत. मी म्हणतो ही, शिवरंजनी म्हणते ती. आठ दिवस झाले, घरात दुसरा विषयच न्हाय. मग अक्षदाच म्हणली, आज्जाला विचारा, आज्जा ठरवील ती बोट."

"मी?" बंडप्पा म्हणाले. "मला बोटीतलं काय कळतंय?"

"गाडीतलं कळतंय की. तुमी सांगाल ती आमाला कबूल."

झालं. बंडप्पांच्या अंगात कंट्रोलर परत आला. त्यांनी जुनी फुलस्केप वही काढली, रेघा आखल्या, आणि दोन्ही कंपन्यांच्या इंग्रजी नावांना फाट्यावर मारून आपली नावं दिली. पहिली बोट मुंबईहून गोव्याला जाऊन दोन रात्रींत परत यायची, ती 'जलद'. दुसरी लक्षद्वीपपर्यंत जायची, बेटापाशी दिवसभर थांबायची आणि पाच रात्रींनी परतायची, ती 'मुक्कामी'. खेड्यात रात्री वस्तीला राहणाऱ्या गाडीला एसटीत मुक्कामी म्हणतात. शांताक्का शेंगा फोडत बसल्या होत्या, त्यांनी ते ऐकलं आणि हसल्या.

"समुद्राला बी तुमी एसटीच लावली."

"न्हाय तर काय. सुटायची वेळ, पोचायची वेळ, मधले थांबे. पाण्यावर चालली म्हणून काय गाडी न्हाय का ती?"

तीन आठवडे हे चाललं. रोज सकाळी पूजा झाली की बंडप्पा चष्मा लावून फोन घेऊन बसायचे. बोटीच्या चित्रफिती बघायचे, लोकांनी लिहिलेलं वाचायचे. दोन्ही कंपन्यांच्या मदतीच्या नंबरावर मराठी बोलणारी पोरगी मागून घ्यायचे आणि असे प्रश्न विचारायचे की पोरीनं फोन बाजूला ठेवून कुणाला तरी विचारायला जावं. बोट लेट झाली तर चौकशी कुठं करायची? शाकाहारी स्वयंपाकाची भांडी वेगळी का त्याच कढया धुऊन? यात्रेत हरवलेली किती पोरं त्यांनी आपल्या काचेच्या खोलीत बसवून बिस्किटं चारली होती आणि माइकवर आयांची नावं पुकारली होती. म्हणून सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न त्यांनी दोन्हीकडं विचारला, "पोरगं चुकलं तर मायकावर कोण बोलतं?"

जलदच्या पोरीनं झकास उत्तर दिलं. त्या बोटीवर पोरांसाठी वेगळा मजला होता, पाण्यातली घसरगुंडी होती, सांभाळायला बाया होत्या, आणि प्रत्येक पोराच्या मनगटाला नंबराचा पट्टा. मुक्कामीवर यातलं काही नव्हतं. वाचायची खोली होती, भजनाचा हॉल होता, बसायला मोठा सज्जा होता. पण एक होतं. जलदच्या खोलीत माणसं चारच मावायची, आणि मुक्कामीवर दोन खोल्या अशा होत्या की मधे दार. सहा माणसं निवांत.

सहा हा आकडा बंडप्पांनी वहीत लिहिला आणि त्याच्याकडं बघत बसले.

त्यानंतर मुक्कामीच्या पोरीला जे फोन गेले, ते काही नातवंडांसाठी नव्हते. लिफ्ट आहे का, का जिनेच चढायचे? गुडघे दुखत असतील तर? पहाटे लिंगपूजेला बसायला शांत जागा मिळंल का? त्या लिंगायत घरात रोज लिंगपूजा करणारी माणसं दोनच, एक बंडप्पा आणि दुसऱ्या शांताक्का. सोमेशच्या गळ्यात लिंग आहे तेवढंच.

फोनवरची पोरगी हुशार होती. ती म्हणाली, "काका, तुम्ही स्वतः येताय का?"

"न्हाय न्हाय," बंडप्पा घाईघाईनं म्हणाले. "माझं कुठं जमतंय. माहिती असावी म्हणून इचारलं."

आणि फोन ठेवून त्यांनी वहीच्या मागच्या पानावर शिसपेन्सिलीनं सहा नावं लिहिली. सोमेश, शिवरंजनी, अक्षदा, शिवप्रसाद, शांताक्का, बंडप्पा. स्वतःचं नाव जरा दबकतच लिहिलं. बोटीच्या कठड्याला शांताक्का उभी आहे आणि पदर वाऱ्यानं उडतोय, हे त्यांना अगदी स्वच्छ दिसलं. माणसाला बासष्टाव्या वर्षी असं काही दिसलं की लाजच वाटते. दोन दिवस ते पान तसंच राहिलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढंच होतं तर पोराला सांगायचं, आमाला बी यायचंय बाबा. पण ते तोंडातून निघायला हवं ना. चौतीस वर्षं ज्या तोंडातून एकच वाक्य निघालं, त्याला दुसरं वळण कोण लावणार? शिवाय पोरानं 'चला' म्हणावं आणि आपण आढेवेढे घेऊन 'बरं' म्हणावं, ही आपल्याकडची रीत. पोरगा 'चला' म्हणेना. बंडप्पा रोज फोनची वाट बघायचे, फोन आला की बोटीचंच बोलायचे, खोलीत सहा माणसं मावतात हे दोनदा सांगून बघितलं. सोमेश म्हणायचा, "व्हय का? पण आमी चौघंच की अप्पा."

शेवटी निकाल द्यायची वेळ आली तेव्हा कंट्रोलर जिंकला. पोरांची सहल आहे, पोरांचं बघायचं. मनगटाला पट्टा असलेली बोट सोडून आपल्या गुडघ्यांसाठी नातवंडांना भजनाच्या हॉलात बसवायचं, हे त्यांना पटेना. त्यांनी मागच्या पानावरची शेवटची दोन नावं खोडरबरानं पुसली आणि पुढच्या पानावर शाईनं लिहिलं, 'जलद. प्रवासी चार. शेरा: मुलांसाठी उत्तम.' खाली सही केली, तारीख घातली आणि फोटो काढून पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोमेशचा फोन आला. बंडप्पांना नीट ऐकू यावं म्हणून आवाज मोठा ठेवलेला असतो, त्यामुळं घरात सगळ्यांना ऐकू येतं.

"अप्पा, बुकिंग झालं. जलदचंच. पोरं नाचायलीत." मग तो म्हणाला, "खरं सांगू का? तुमी दोघं आला असता तर दुसरीच घेतली असती. शिवरंजनी म्हणत बी होती, विचारा म्हणून. मीच म्हणलं, अप्पांचं कुठं जमतंय."

आपलंच वाक्य बंडप्पांनी पोराच्या तोंडून ऐकलं. तेव्हा एक शब्द बोलले असते तरी काहीतरी झालं असतं. पण सवय वाईट. ते म्हणाले, "व्हय. माझं कुठं जमतंय."

फोन बंद झाला. शांताक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या, वही उचलली आणि मागचं पान उघडलं. पुसलेली दोन नावं उजेडात धरली की दिसत होती. म्हणजे बाईंनी ती आधीच बघितली होती.

"हे पुसलं का?"

"बसत न्हवतो आपण. चारच जागा हायत त्या बोटीत."

"दुसऱ्या बोटीत सहा हुत्या."

"पोरांचं बघाय नगो का?"

"बघा की. पोरांचं बघितलं त्याचा राग न्हाय मला." शांताक्का खाली बसल्या. आवाज चढला नव्हता. "एवढी वर्षं तुमचं जमत न्हवतं. माझं जमत हुतं. कवाबी जमत हुतं. मला कुणी इचारलंच न्हाय."

 बंडप्पा वहीकडं बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. शांताक्कांनी ते बघितलं, पण समजूत काढायला काही उठल्या नाहीत. शेंगांची टोपली पुढं ओढली, चार शेंगा फोडल्या आणि विचारलं, "ती रत्नागिरी गाडी हाय का आजून?"

"हाय."

"किती वाजता सुटती?"

"पावणेसहा. फलाट चार."

दिवाळीनंतरचा तो दिवस. मुंबईत पोरांची बोट संध्याकाळी सुटायची होती, आणि बंडप्पांनी रत्नागिरीला जायला मुद्दाम तोच दिवस धरला. रिझर्वेशन कशाला, गाडी इथूनच सुटती, रिकामीच लागती, असं ते छातीठोकपणे म्हणाले. जन्मभर लोकांना सांगितलेला नियम त्यांनी स्वतःही पाळला आणि गाडीच्या बरोबर दहा मिनिटं आधी फलाटावर हजर झाले. आधी कंडक्टरच्या सीटवरून आणि मग काचेतून गर्दी बघणाऱ्या माणसाला ती प्रवाशाच्या बाजूनं कशी असते ते माहीतच नव्हतं. तासाभरापासून येऊन बसलेली दीडशे माणसं चार नंबरला होती. गाडी अजून फलाटाला लागायची होती तोवर लोक पळत सुटले आणि खिडक्यांतून रुमाल, पिशव्या, टोप्या, एकानं तर चप्पल, असं सगळं सीटांवर पडायला लागलं.

बंडप्पा बॅग घेऊन जागच्या जागी उभे. "खिडकीतून रुमाल टाकून जागा धरू नये," हे वाक्य अकरा वर्षं त्यांनीच माइकवर म्हटलं होतं. दाराशी ही झुंबड. काचेच्या खोलीतून आताचा कंट्रोलर, बालाजी नावाचा पोरगा, तेच वाक्य म्हणत होता आणि कुणी ऐकत नव्हतं.

"ह्यात आपलं कसं जमंल..." बंडप्पा बोलून गेले आणि मधेच थांबले. शांताक्का त्यांच्याकडं बघत होत्या. गुडघे धरून उभ्या होत्या, नव्या लुगड्याचा पदर डोक्यावर घट्ट लपेटलेला.  नुसत्या बघत होत्या, अकरा वर्षं डबा घेऊन येताना बघायच्या तशाच.

बंडप्पांनी बॅग खाली ठेवली. खांद्यावरचा पांढरा टॉवेल काढला आणि बासष्ट वर्षांचा तो रिटायर कंट्रोलर कोपरानं वाट करत गाडीच्या कडेनं धावला. मागून चौथी खिडकी अर्धी उघडी होती. टाचा उंच करून, दंडापर्यंत हात आत घालून त्यांनी टॉवेल दोन सीटांवर आडवा पसरून टाकला. आतला एक माणूस म्हणाला, "ही जागा धरलीय का?"

"धरलीय," बंडप्पा म्हणाले. "आमी दोघं हाव."

माइकवरचा आवाज बंद पडला होता. बालाजीनं काचेतून आपल्या जुन्या साहेबांना, बंडप्पांना, बघितलं होतं आणि त्याला पुढचं वाक्य सुचेना. मग त्यानं खाकरून घसा साफ केला आणि रुमालाचं काही न बोलता नेहमीची घोषणा सुरू केली. तुळजापूरहून सोलापूर मार्गे रत्नागिरीला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे. रत्नागिरीला जाणाऱ्या प्रवाशांनी गाडीत बसून घ्यावं.

हे नाव बंडप्पांनी किती हजार वेळा घेतलं होतं त्याला गणती नाही. आज पहिल्यांदाच कुणीतरी ते त्यांना सांगत होतं. ते परत आले, बॅग उचलली, दुसऱ्या हातानं शांताक्कांचा हात धरला आणि गाडीकडं निघाले.