गुरुवारच्या गाडीतलं एक नाव

वसुंधरा शिर्के प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात क्लार्क आहे. वय सत्तेचाळीस. संध्याकाळी सुटी झाली की तिची स्कूटर घरी न जाता मैदानाकडे वळते, कारण गेली नऊ वर्षं ती मुलींच्या खो-खो संघाची मॅनेजर आहे. मुलींचे बूट, पाळीच्या दिवसांतल्या अडचणी, आयांचे फोन, सगळं तिच्याकडे. खेळ शिकवायचे धनाजीराव. बडोद्यात त्यांचं नाव मोठं. त्यांच्या मुली राज्याच्या संघात गेल्या, नोकरीला लागल्या. आईबाप मैदानावर आले की आधी त्यांच्या पाया पडत.

सुरतच्या स्पर्धेच्या पाच दिवस आधी, सोमवारी, धनाजीरावांनी तिच्यापुढे प्रवासाची यादी ठेवली. संघ शुक्रवारी निघणार होता. गुरुवारच्या गाडीला मात्र दोनच नावं होती, मिताली आणि ते स्वतः.

"ही एकटीच आधी कशाला?"

"खांबापाशी तिचा वेग कमी पडतो. तिथल्या मैदानावर सराव घेतो. करा सही."

"उद्या देते," वसुंधरा म्हणाली.

मिताली सोळा वर्षांची, संघातली सगळ्यांत चपळ. वडील गणपतराव गोरव्याच्या एका कारखान्यात लेथवर. महिनाभर वसुंधरा बघत होती, मुली पाणी प्यायला निघाल्या की मिताली घोळक्याच्या मधोमध राहायची. पाय मुरगळला तरी सामानाच्या खोलीत जायची नाही. तिथे सर पट्टी बांधून देत.

त्या संध्याकाळी वसुंधरेने तिला नळापाशी गाठलं. "मिताली, तुला गुरुवारी जायचंय?"

"नथी जवुं," मिताली नकारार्थी मान हलवत आधी गुजरातीत पुटपुटली. मग खाली बघत म्हणाली, "ताई, ते दार लावून घेतात. पट्टी बांधताना हात..." तिने वाहता नळ बंद केला. "पप्पांना सांगू नका. ते खेळच बंद करतील."

पंचवीस वर्षांपूर्वी, वसुंधरा स्वतः खेळायची तेव्हा, तिच्या संघातली नयना अशीच घोळक्यात राहू लागली होती. वसुंधरेला सगळं कळत होतं. निवड तोंडावर आली होती म्हणून ती गप्प बसली. नयनाने खेळ सोडला. वसुंधरेची निवड झाली.

"हे मला लपवता येणार नाही," ती मितालीला म्हणाली. "पण जे बोलेन ते तुझ्यासमोर बोलेन. आणि तुझ्या खेळासाठी भांडेन."

दुसऱ्या दिवशी मैदानावर तिने यादी परत केली. "सही करणार नाही. कुठलीही मुलगी एकटी जाणार नाही."

धनाजीरावांचा आवाज खाली आला. "मितालीने काही सांगितलं का?"

"सांगण्यासारखं काय आहे?"

ते हसले. "वसुंधराबेन, तुमची नऊ वर्षं आणि माझी तीस. लोक कोणाचं ऐकतील?"

तशीच ती मितालीला स्कूटरवर मागे बसवून गोरव्याला तिच्या घरी गेली.

ऐकताच गणपतरावांनी चपला घातल्या. "त्याला जिवंत सोडत नाही." वसुंधरा दारात आडवी उभी राहिली. "भाऊ, तुम्हीच तुरुंगात गेलात तर तो सुटेल." ते मटकन खाली बसले आणि लेकीकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून मैदान बंद."

कोपऱ्यात उभ्या असलेल्या जिजाबाई, मितालीची आई, तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. "तिने काय केलंय? मैदान बंद करायचं तर त्याचं करा."

बुधवारी सकाळी चौघं पोलीस चौकीत गेली. साध्या कपड्यांतल्या महिला अधिकाऱ्याने मितालीचा जबाब घरी येऊन घेतला. संघ चालवणाऱ्या संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याने वसुंधरेला फोन केला, "आपसात मिटवा ना. मुलींचीच बदनामी होईल." तिने तक्रारीची प्रत त्यांनाही पाठवली. आठवड्याभरात आणखी तीन मुली बोलल्या. धनाजीरावांना अटक झाली, संस्थेने त्यांना काढलं.

संघ सुरतेला गेला नाही. दोन मुलींना घरच्यांनी कायमचं घरी बसवलं. कर्णधार श्रद्धा भर मैदानात वसुंधरेवर ओरडली, "हे माझं शेवटचं वर्ष होतं, ताई! चार दिवस थांबता आलं नसतं?"

"नाही," वसुंधरा म्हणाली.

आता संघाला नवीन प्रशिक्षक आहेत. पट्टी मैदानावरच, सगळ्यांसमोर बांधतात. प्रवासात दोन बायका सोबत असतात, आणि कुठे तक्रार करायची ते मुलींना पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. मिताली चार महिन्यांनी परतली. सुरुवातीला जिजाबाई कट्ट्यावर बसून राहायच्या. हल्ली येत नाहीत. खटला चालू आहे, पुढच्या तारखेला वसुंधरेची साक्ष आहे.

श्रद्धा आता लहान मुलींना शिकवायला येते. वसुंधरेशी अजून कामापुरतंच बोलते.